जुन्या जिप्सीला ऑटोमॅटिक बॉक्स: सोलापूरच्या उन्हात टिकेल असं काम

संध्याकाळच्या गर्दीत सात रस्ता ते आसरा चौक जुनी जिप्सी चालवली की डावा गुडघा बोलायला लागतो. तरी गाडी विकवत नाही. मग डोक्यात येतं, हिलाच ऑटोमॅटिक बॉक्स बसवला तर? कुठल्याही गॅरेजात विचारा, "बसतंय की मालक" असंच उत्तर येईल, आणि ते खरंही आहे. प्रश्न बसवल्यानंतरचा असतो. मे महिन्यात पारा ४३-४४ वर असताना, काळ्या रानात चाकं रुतलेली असताना तो बॉक्स जिवंत राहील का, यावर सगळं काम ठरतं. हा लेख त्या हिशेबाने लिहिलाय, पहिल्यांदाच हात घालणाऱ्यासाठी.

आधी गाडी कोणती ते बघा

पहिलाच प्रयोग असेल तर माझं मत स्पष्ट आहे: जिप्सी घ्या, जुनी महिंद्रा जीप नको. कारण ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणाऱ्या पेटीत आहे.

जिप्सीत गिअरबॉक्स वेगळा आणि ट्रान्सफर केस वेगळा. दोघांच्या मध्ये एक छोटा शाफ्ट. म्हणजे पुढचा बॉक्स बदलला तरी ट्रान्सफर केस, त्याचा लिव्हर, पुढे-मागे जाणारं फोर बाय फोर, स्पीडोमीटरची केबल हे सगळं आहे तसं राहू शकतं. सीजे३बी किंवा एमएम५४० घराण्यातल्या जीपांत जुना स्पायसर ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडालाच बोल्ट केलेला असतो, आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचा गिअरच आतले दाते फिरवतो. शिवाय मागचा शाफ्ट मधोमध न निघता एका बाजूने निघतो आणि मागचं डिफरन्शियलही त्याच बाजूला सरकलेलं असतं. तिथे आधुनिक बॉक्स घालायचा म्हटलं की ट्रान्सफर केस बदला, मग एक्सल बदला, अशी माळ लागते. त्यात सीजे३बीचा व्हीलबेस ८० इंच, मागचा शाफ्ट मुळातच आखूड. बॉक्स थोडा लांब निघाला की शाफ्टला जागाच उरत नाही.

जिप्सीतही १९९६ नंतरची १.३ लिटरची किंग घ्या, आणि त्यातली एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली) मिळाली तर सोन्याहून पिवळं. तिच्या थ्रॉटलवर पोझिशन सेन्सर असतो, तो पुढे वायरिंगला लागतो. व्हीलबेस २३७५ मिमी, त्यामुळे खालीही थोडी मोकळीक मिळते. एक गोष्ट मात्र मनाशी पक्की करा: या इंजिनचा टॉर्क १०३ न्यूटन-मीटर. इंजिनच्या ताकदीतला काही भाग टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचच्या जागी तेलातून ताकद पुढे देणारा भाग, खाणार. गाडी आरामात चालेल, पण सिग्नलवरून उडी मारणार नाही. मोठे टायर टाकले असतील तर आणखी जड वाटेल.

कागद

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातले तपशील आणि कंपनीने मुळात दिलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. आरसीवर इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, रिकाम्या गाडीचं वजन असतं. गिअरबॉक्सचा नंबर नसतो. म्हणून मी मूळ इंजिन ठेवून फक्त बॉक्स बदलण्याच्या बाजूचा आहे. इंजिनासकट अख्खा संच टाकणं मेकॅनिकला सोपं पडतं, पण इंजिन नंबर बदलला की परवानगीचा वेगळाच संसार सुरू होतो.

तरीही एमएच-१३ च्या आपल्या आरटीओत कामाआधी लेखी अर्ज देऊन विचारा, आणि उत्तर फाईलला लावा. पंधरा वर्षांच्या पुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतंच, तेव्हा गाडी तपासली जाणार आहे. विमा कंपनीलाही कळवा. चासीच्या मुख्य चॅनेलला कटर लावू नका, ही अट कागदासाठी आणि जिवासाठीही.

बॉक्स निवडताना

भंगार बाजारात "ऑटोमॅटिक" म्हणून जे पुढे येतं त्यातलं बहुतेक आपल्या कामाचं नसतं. छोट्या गाड्यांचे बॉक्स आडवे बसवलेल्या इंजिनाचे असतात, पुढची चाकं ओढणारे. ते सोडून द्या. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं यंत्रणा करते. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा बॉक्स) तर अशा कामाला नकोच. आपल्याला हवा उभ्या, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेल्या इंजिनाचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला, मागून शाफ्ट निघणारा बॉक्स.

जिप्सीच्या घराण्यातच बघायचं तर दोन वाटा आहेत. बाहेरच्या देशांत १९९८ मध्ये आलेल्या जिम्नीत हेच जी१३बीबी इंजिन ४-स्पीड ऑटोमॅटिकसोबतही मिळायचं. तो बॉक्स कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटसकट (फ्लायव्हीलच्या जागी येणारी प्लेट) हाती आला तर बेल हाउसिंगची, म्हणजे बॉक्स इंजिनला जोडणाऱ्या तोंडाची डोकेदुखी जवळपास मिटते, पण इथे तो सहजी मिळत नाही. दुसरी वाट, २०२३ पासून आपल्याकडे विकली गेलेली पाच दरवाजांची जिम्नी. तिच्यातही ४-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर बॉक्स आहे, उभा आहे, ट्रान्सफर केसही वेगळा आहे. मात्र इंजिन १.५ लिटरचं के१५बी, त्यामुळे जिप्सीच्या इंजिनाला जोडायला मध्ये अॅडाप्टर प्लेट लागणार हे धरून चला.

थार २०२० चा आयसिनचा ६-स्पीड किंवा २००८ पासूनच्या स्कॉर्पिओ एमहॉकचा ६-स्पीड बघून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. हे बॉक्स मोठ्या टॉर्कसाठी बनलेत, लांब आहेत, जड आहेत. १.३ पेट्रोलला त्यांचा कन्व्हर्टर जुळत नाही. डिझेल इंजिन कमी आरपीएमवर जोर देतं, आपलं पेट्रोल वर चढल्यावर. बॉक्स आणि इंजिन यांचा आरपीएमचा स्वभाव जुळणं हे गिअरांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं.

विकत घेताना डिपस्टिक किंवा प्लगमधून थोडं तेल बोटावर घ्या. लालसर असेल तर बरं. तपकिरी आणि करपल्याचा वास असेल तर आतल्या क्लच प्लेटा जळाल्यात. पॅन (बॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं) उघडू दिलं तर आतला मॅग्नेट बघा. त्यावर राखाडी मऊ लेप चालतो, चमकणारे तुकडे चालत नाहीत. सोबत कन्व्हर्टर, फ्लेक्सप्लेट, टीसीयू (बॉक्सचे गिअर बदलणारा कॉम्प्युटर), शिफ्टर, केबल आणि वायरिंगचा अख्खा गुच्छ घ्या. कनेक्टर कापलेला बॉक्स निम्म्या भावातही महाग पडतो. बिल घ्या, त्यावर मूळ गाडीचा चासी नंबर लिहून घ्या. पुणे आणि हैदराबाद दोन्ही आपल्या एकाच हायवेवर आहेत, तेव्हा दोन ठिकाणी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. खर्चाचा माझा ढोबळ आडाखा असा: बॉक्सला जेवढे लागतील तेवढेच पुन्हा लेथ, शाफ्ट, कूलर आणि वायरिंगला बाजूला काढा.

पाना लावण्याआधी मोजमाप

गाडी सपाट फरशीवर, चारी चाकं जमिनीवर, टायरात नेहमीची हवा. जॅकवर चढवून मोजलं की पाटे सैल पडतात आणि कोन खोटे येतात.

इंजिनाच्या मागच्या तोंडापासून ट्रान्सफर केसच्या इनपुट फ्लँजपर्यंतचं अंतर घ्या. नव्या बॉक्सची लांबी बेल हाउसिंगच्या तोंडापासून मागच्या फ्लँजपर्यंत मोजा आणि त्यात अॅडाप्टर प्लेटची जाडी मिळवा. या दोहोंतला फरक म्हणजे मधल्या शाफ्टला उरलेली जागा. दोन क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वळणारे सांधे) आणि मध्ये सरकणारा स्प्लाइन (दातेरी जोड) यांना जागा लागतेच. ती उरत नसेल तर ट्रान्सफर केस मागे सरकवावा लागेल. मग मागचा शाफ्ट आखूड, पुढचा लांब, म्हणजे दोन शाफ्ट आणखी. हे आकडे कागदावर जमले तरच पुढे जा. जमले नाहीत तर बॉक्स बदला, गाडी कापू नका.

बॉक्सचं पॅन खाली किती लोंबतं तेही बघा. जुन्या गिअरबॉक्सला खाली पातळ पत्र्याचं पॅन नव्हतं, याला आहे. उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत मधला उंचवटा नेमका तिथेच घासतो. स्किड प्लेट, म्हणजे पॅनखालची संरक्षक प्लेट, आत्ताच आराखड्यात धरा, तिला हवा जायला फटी ठेवा.

अॅडाप्टर, फ्लेक्सप्लेट, कन्व्हर्टर

इथे घाई करणाऱ्याच्या बॉक्समधला तेलाचा पंप फुटतो, म्हणून जरा सविस्तर.

जुना गिअरबॉक्स, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील उतरवा. मागचं क्रँक ऑइल सील हाताशी आलंय तोवर नवं टाका. फ्लायव्हीलच्या जागी पातळ फ्लेक्सप्लेट येते. कन्व्हर्टर गरम झाला की थोडा फुगतो, पुढे-मागे होतो, तेवढं ती सोसते. रिंग गिअरच्या दातांची संख्या तुमच्या स्टार्टरशी जुळते का ते इथेच तपासा. स्टार्टर कुठल्या बाजूला बसतो तेही.

अॅडाप्टर प्लेट करायला सोलापुरात माणसं शोधावी लागत नाहीत. यंत्रमागाचे आणि साखर कारखान्याचे पार्ट करणारे लेथवाले अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहेत. त्यांना भोकांचा कागदी साचा देऊ नका, दोन्ही मूळ हाउसिंग नेऊन द्या. प्लेटचं खरं काम बोल्ट धरणं एवढंच नाही. क्रँकचा मध्य आणि बॉक्सचा मध्य एकाच रेषेत ठेवणं हे तिचं काम, आणि ते डॉवेल पिनांवर (जागा पक्की धरणाऱ्या पिनांवर) होतं. प्लेट बसवल्यावर क्रँकवर डायल गेज लावून हाउसिंगचं मधलं भोक एक पूर्ण फेरा फिरवून बघा. काटा एकूण पाच थाऊ, म्हणजे ०.१३ मिमीच्या आत राहिला पाहिजे. त्याहून जास्त असेल तर डॉवेल सरकवून पुन्हा मोजा. कन्व्हर्टरचा पुढचा बुंधा क्रँकच्या भोकात घट्ट पण सरकता बसायला हवा. माप जुळत नसेल तर मध्ये बुश करून घ्या.

आता कन्व्हर्टर. आधी त्यात साधारण लिटरभर एटीएफ (ऑटोमॅटिक बॉक्सचं तेल) ओता, कारण पहिल्या क्षणी पंप कोरडा फिरता कामा नये. मग बॉक्सच्या शाफ्टवर चढवा आणि आत दाबत सावकाश फिरवत राहा. आत दोन वेगवेगळे स्प्लाइन आणि पंपाच्या खाचा आहेत. प्रत्येक ठिकाणी बसला की हाताला 'टक' कळतं आणि कन्व्हर्टर बोटभर आत जातो. शेवटची टक राहिली असेल तरी कन्व्हर्टर बसल्यासारखाच दिसतो, आणि तिथेच फसगत होते. म्हणून बेल हाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून कन्व्हर्टर किती खोल गेलाय ते मोजा.

बॉक्स इंजिनला लावताना हाउसिंग बोल्टांशिवाय, नुसत्या हाताने चिकटलं पाहिजे. मध्ये फट राहतेय आणि बोल्टने ओढून घ्यावं लागतंय असं झालं तर थांबा, कन्व्हर्टर आत बसलेला नाही. हाउसिंग चिकटल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत पुढे ओढताना २ ते ५ मिमी यायला हवा. नेमका आकडा तुमच्या बॉक्सच्या मॅन्युअलमधला घ्या. अजिबात पुढे येत नसेल तर इंजिन चालू करताच पंप जाईल. फारच पुढे येत असेल तर पातळ स्पेसर लागेल.

क्रॉसमेंबर आणि शाफ्ट

क्रॉसमेंबर बोल्टवर काढता-घालता येईल असा करा, वेल्डिंगने कायमचा नको. बॉक्सखाली रबरी फाउंडेशन हवंच. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन शक्यतो सारखे ठेवा, आणि हायवेवर फिरणाऱ्या शाफ्टला ते तीन अंशांच्या आसपास असतील तर क्रॉस जास्त टिकतो. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे कान) एकाच रेषेत आहेत ना ते बघा आणि शाफ्ट बॅलन्स करून घ्या. मधला शाफ्ट आखूड असतो, त्याचं थरथरणं थेट सीटखाली कळतं.

थंडावा

इंजिन फिरतंय आणि चाक अडलंय, अशा वेळी इंजिनची ताकद कन्व्हर्टरमधलं तेल घुसळण्यात जाते आणि तिची सगळी उष्णता होते. थंड हवेच्या ठिकाणी हे खपून जातं. इथे उन्हाळ्यात रेडिएटरसमोरची हवाच चाळीसच्या वर असते. एटीएफ ८० ते ९५ अंशांत खूश असतं. १२० च्या पुढे ते झपाट्याने खराब होतं, सील कडक होतात, प्लेटा घसरू लागतात, घसरल्या की आणखी तापतं.

मॅन्युअल जिप्सीच्या रेडिएटरमध्ये एटीएफसाठी कूलर नसतो. म्हणून वेगळा, थरांच्या प्लेटांचा कूलर घ्या, पातळ नळी वळवलेला स्वस्त प्रकार नको. तो रेडिएटरच्या अगदी पुढ्यात पूर्ण झाकेल असा लावू नका, नाहीतर बॉक्स वाचेल आणि इंजिन तापेल. थोडा बाजूला, स्वतःच्या इलेक्ट्रिक पंख्यासकट लावा, आणि पंखा तेलाच्या तापमानावर चालू होणारा ठेवा. नळ्या स्टीलच्या किंवा एटीएफसाठीच बनलेल्या होजच्या. पेट्रोलचा किंवा पाण्याचा होज काही महिन्यांत मऊ पडून सुटतो. नळ्या सायलेन्सरपासून लांब न्या.

आणि मीटर लावा. बॉक्समधून कूलरकडे जाणाऱ्या नळीत सेन्सर, डॅशबोर्डवर आकडा. या कामात एका वस्तूवर जास्तीचे पैसे घालायचे झाले तर मी ते इथे घालीन.

चालवण्याची सवयही बदलावी लागते. काळी माती, वाळू किंवा चढ असला की आधीच ट्रान्सफर केसची लो रेंज टाका. लो रेंजमध्ये चाकाला जोर मिळतो, कन्व्हर्टर कमी घसरतो, तेल कमी तापतं. हाय रेंजमध्ये अॅक्सिलरेटर दाबून रुतलेली गाडी काढायला जाणं म्हणजे बॉक्स भाजणं.

वायरिंग

आजचा बॉक्स टीसीयूशिवाय काही करत नाही. मूळ टीसीयू ज्या गाडीतून आला तिच्या इंजिन कंट्रोलशी सतत बोलायची वाट बघतो. समोर ते नसलं की एकाच गिअरमध्ये अडकून बसतो. म्हणून बहुतेकांना स्वतंत्र, प्रोग्रॅम होणारा टीसीयू लागतो. त्याला थ्रॉटलची स्थिती, इंजिनचा आरपीएम, बॉक्सच्या आउटपुटचा वेग आणि तेलाचं तापमान एवढं हवं. कार्ब्युरेटरच्या गाडीला थ्रॉटल सेन्सर बाहेरून बसवावा लागेल. जुन्या डिझेलला तो पंपाच्या लिव्हरवर लावतात.

गिअर बदलण्याचे आरपीएम आपल्या इंजिनाप्रमाणे भरा. लॉक-अप (कन्व्हर्टरचं घसरणं बंद करणारा आतला क्लच) हायवेच्या वेगाला लागेल असा ठेवा. मोहोळच्या दिशेने सरळ रस्त्यावर तो लागला की तापमानाचा आकडा खाली येताना दिसतो. पी (पार्क) आणि एन (न्यूट्रल) सोडून स्टार्टर फिरू नये यासाठीचा स्विच जोडलाच पाहिजे, रिव्हर्स लाइटही त्यातूनच घ्या. टीसीयू सीटखाली नको, पाणी तिथेच साचतं. डॅशच्या मागे वर बांधा, अर्थिंग थेट इंजिन ब्लॉकला. डी मध्ये उभं असताना इंजिनवर ओझं येतं आणि आयडल पडतो, त्याची सोय वायरमनकडून करून घ्या.

क्लचचं पेडल काढा, ब्रेकचं पेडल रुंद करा. लिव्हरची केबल वळणावर मुडपू नये. पी, आर, एन, डी प्रत्येक खाच बॉक्सवरच्या खाचेशी तंतोतंत जुळली पाहिजे, अर्धवट लागलेला गिअर प्लेटा जाळतो.

पहिली चाबी

तेल बॉक्सच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. "लाल तेल सगळं एकच" असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून तेल घेऊ नका. ट्रान्सफर केस न्यूट्रलला ठेवा, चाकांना लाकडी ओंडके लावा. वेगळ्या ट्रान्सफर केसचा फायदा इथे मिळतो: गाडी जागेवर उभी ठेवून सगळे गिअर लावून बघता येतात. इंजिन चालू केल्यावर तेल आत ओढलं जातं, लगेच भरत राहा. लिव्हर प्रत्येक जागी थोडा थांबवत फिरवा. कुंई असा आवाज आला तर बंद करा, पंप हवा ओढतोय.

काही नव्या बॉक्सना डिपस्टिक नसते. आयसिनच्या अनेक बॉक्समध्ये तेल साधारण ३५ ते ४५ अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून, ओव्हरफ्लो प्लग उघडून पातळी बघतात. मे महिन्यात दुपारी आपल्या गॅरेजात उभी गाडीच चाळिशीला पोचलेली असते. तेव्हा हे काम पहाटे करा.

रस्त्यावरची पहिली चाचणी होटगी रोडच्या मोकळ्या पट्ट्यात, मग तुळजापूरच्या घाटात. चढताना तापमान बघा, उतरताना खालचा गिअर लावून. मॅन्युअलइतका इंजिन ब्रेक मिळत नाही, म्हणून ब्रेक आधीच घट्ट करून ठेवलेले असावेत. साधारण ५०० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला. पॅनच्या मॅग्नेटवर काय जमलंय ते तेव्हा कळेलच.

गाडी घरातली इतर माणसंही चालवणार असतील तर दोन ओळी डॅशबोर्डवर चिकटवा. एक: ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर पी लावूनही गाडी घरंगळते, हँडब्रेक ओढा. दोन: बॅटरी उतरली तर धक्का मारून ही चालू होणार नाही, आणि ओढून न्यायची असेल तर ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकूनच.